कुंडीतले वन आणि कात्री

पुष्कळांनी मिळून एक व्हावे यात हित आहे, हे आपल्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही. घर, गावकी, पंगत, दिंडी, जिथे पाहावे तिथे हेच पाहत आपण वाढलो. अडते ते पुढे. एक व्हायचे म्हटले की प्रत्येकाला आपले काहीतरी खाली ठेवावे लागते, आणि कोणी किती ठेवायचे हे ठरवणाराही कोणीतरी लागतो. मग जे खाली ठेवले गेले ते त्याने ठेवले, की त्याच्याकडून ठेवून घेतले? बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. दोन्हींना आपण त्याग म्हणतो आणि दोन्हींचा सारखाच गौरव करतो. एकच शब्द अशा दोन निराळ्या गोष्टींवर पांघरला गेल्यामुळे पुष्कळ घरांत पुष्कळ दुःख मुकाट्याने जिरले आहे, असे मला वाटते.

या प्रश्नाकडे जाण्यासाठी वाचकांना आज जरा आडवाटेने नेणार आहे. उथळ पात्रात झाडांचे छोटे रान उभे करण्याची एक कला जपानात आहे. ते रान कसे लावतात आणि पुढे वर्षानुवर्षे कसे राखतात हे नीट पाहिले, तर आपला प्रश्न फार उघड्या रूपात समोर येतो. झाडे बोलत नाहीत, त्यामुळे तिथे शब्दांची सारवासारव नसते. कात्री कुठे लागली ते सरळ दिसते.

बोन्साय हा शब्द आता आपल्याकडे नवा राहिलेला नाही. ‘बोन’ म्हणजे उथळ पात्र, ‘साय’ म्हणजे लावलेले रोप. मराठीत त्याला वामनवृक्ष म्हणतात, आणि ते नाव मला मूळ नावाहून अधिक आवडते. वामन म्हणजे खुजा, हे खरे. पण वामनाची गोष्ट ज्याला ठाऊक आहे तो माणूस आकाराने लहान दिसणाऱ्याला लहान समजण्याची घाई करत नाही. असो. आपण बहुधा एका कुंडीत एकच वामनवृक्ष पाहिलेला असतो. जाड बुंधा, पसरलेल्या फांद्या, म्हाताऱ्या वडाचा किंवा पाइनचा डौल. दुसरा प्रकार आहे योसे-उए. ‘योसे’ म्हणजे एकत्र आणणे, ‘उए’ म्हणजे लावणे. पाच, सात, नऊ, अकरा किंवा त्याहूनही अधिक झाडे एकाच पसरट कुंडीत किंवा सपाट दगडावर अशी लावायची, की पाहणाऱ्याला आपण रानाच्या कडेला उभे आहोत असे वाटावे.

या लागवडीला झाडे कोणती घेतात, ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हाच तिने मन धरले. एकट्याने कुंडीत उभे राहायचे तर झाड चहूबाजूंनी देखणे लागते. बुंधा तळाशी रुंद हवा, मुळे सगळीकडे सारखी पसरलेली हवीत, फांद्या मागेपुढे, डावी-उजवीकडे हव्यात. रोपवाटिकेत अशी झाडे थोडी निघतात. बाकीची कोणी शेलाटी, कोणाच्या एकाच अंगाला फांद्या, कोणाचे खोड बारीक आणि उंच, कोणी खालच्या अंगाने उघडे. एकट्याच्या कुंडीसाठी ती निरुपयोगी. रानात मात्र तीच लागतात. एका अंगाला फांद्या असलेले झाड कडेला शोभते, कारण खऱ्या रानात कडेच्या झाडाला उजेड एकाच बाजूने मिळतो आणि ते तसेच वाढते. बारीक, उंच, खाली उघडे असलेले झाड मध्यभागी बसते, कारण दाटीत खालच्या फांद्या उजेडावाचून गळूनच जातात. एकट्याचा जो दोष तो समूहात जागेचा गुण होतो. यात मोठी ओल आहे, हे मी मान्य करतो. पण इथेच थांबले तर अर्धीच गोष्ट हाती लागेल.

जपानात या कलेचे एक माहेरघर म्हणजे सायतामा प्रांतातले ओमिया. १९२३ च्या कांतो भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झाल्यावर तिथले काही बोन्साय बागवान मोकळी जागा आणि चांगले पाणी पाहून इकडे आले, आणि १९२५ च्या सुमारास त्यांची एक वस्तीच उभी राहिली. ती आजही बोन्सायचे गाव म्हणून ओळखली जाते. तिथल्या मान्सेइएन या बागेचे साबुरो कातो (१९१५-२००८) यांचे नाव समूह-लागवडीशी कायमचे जोडले गेले आहे. त्यांच्या वडिलांच्या काळापासून या बागेत उत्तरेकडच्या कुनाशिरी बेटावरची एझो स्प्रूसची झाडे येत. थंड, दलदलीच्या जमिनीत वाढलेली, वयाने जुनी आणि अंगाने बारीक. अशा झाडांची रानेच्या राने कातोंनी उथळ पात्रांत उभी केली आणि ती पद्धत पुस्तकात लिहूनही ठेवली. झाडांच्या निमित्ताने देशोदेशींची माणसे जोडावीत ही त्यांची धडपड होती, आणि १९८९ साली स्थापन झालेल्या जागतिक बोन्साय मैत्री महासंघाचे ते पहिले अध्यक्ष होते.

आता लागवड. कळ्या फुटण्याच्या थोडे आधी, झाडे जागी होत असताना हे काम करतात. कुंडी लंबगोल किंवा आयताकृती, आणि फार उथळ असते. आपल्या जेवणाच्या ताटाला काठ थोडे उंच केले तर जितकी खोली होईल तितकीच जवळजवळ. तळाच्या भोकांवर जाळी ठेवतात आणि त्या भोकांतून तारा वर काढून ठेवतात, कारण एवढ्याशा मातीत झाड आपल्या बळावर उभे राहू शकत नाही. त्याला नवी मुळे फुटेपर्यंत बांधून ठेवावे लागते. कोणी आडव्या-उभ्या बांबूच्या कामट्यांची जाळी करून तिला झाडे बांधतात. मग दाणेदार मातीचा थर, मध्ये किंचित उंच, कडेला उतरता.

सर्वात उंच आणि जाड झाड आधी लावतात. ते मुख्य. ते कधीच बरोबर मध्यभागी नसते, थोडे एका अंगाला असते. मग दुसरे, मग तिसरे, आणि त्यांच्या अनुषंगाने बाकीची. अंतरे सारखी ठेवायची नाहीत. कोणतीही तीन झाडे एका ओळीत येऊ द्यायची नाहीत, समोरून नाही आणि बाजूनेही नाही. ओळ आली की रानाची शाळेतली कवायत होते. आणि एक नियम असा, की समोरून पाहता कोणतेही खोड दुसऱ्या खोडामागे पूर्ण झाकले जाऊ नये. लहानातले लहान झाडही दिसले पाहिजे. मोठी झाडे पुढे आणि बारीक झाडे मागे ठेवली की नजर आत ओढली जाते आणि वीतभर मातीत कोसभर खोली आल्यासारखी वाटते. म्हणजे त्या रानाला खोली येते ती सर्वात बारीक झाडांमुळे. ती काढून घ्या, राहतील नुसती ओळखीची चार मोठी झाडे.

मुळांचे काम सर्वात नाजूक. प्रत्येक झाडाचे सोटमूळ कापावे लागते, नाहीतर ते उथळ पात्रात बसणारच नाही. उरलेली तंतुमुळे पंख्यासारखी पसरून शेजाऱ्याच्या मुळांत गुंतवतात. हे करताना ती सुकू द्यायची नाहीत, म्हणून सतत पाणी शिंपडत राहायचे. वरून माती घालून बांबूच्या काडीने हलके हलके खोचत मुळांमधली पोकळी भरून काढतात. शेवटी शेवाळ लावतात, तळातून निवळ पाणी येईपर्यंत झारीने पाणी घालतात, आणि काही आठवडे कुंडी उन्हा-वाऱ्यापासून आडोशाला ठेवतात. या पहिल्या हंगामात अनुभवी माणूस कात्री बाजूला ठेवून देतो. आधीच इतके कापले गेले आहे, आता झाडांना सावरू द्यायचे.

काय काय कापले गेले? सोटमूळ सर्वांचेच. आणि दुसरे म्हणजे आतल्या अंगाच्या फांद्या. शेजाऱ्याच्या अंगावर जाणारी, दुसऱ्याच्या फांदीला आडवी येणारी, आत अंधार करणारी फांदी ठेवत नाहीत. कडेच्या झाडाला बाहेरच्या फांद्या राहतात, आतल्या जातात. मधल्या झाडाच्या खालच्या सगळ्या जातात. अशा रीतीने सात अपूर्ण झाडे मिळून एक पूर्ण माथा तयार होतो. लांबून पाहिले तर सगळ्यांचा मिळून एकच घेर दिसतो, जणू एकच महावृक्ष.

इथे आपल्यासारख्यांना मोह होतो. दृष्टांत आयता हातात आलेला असतो. पाहा, प्रत्येक झाडाने शेजाऱ्यासाठी आपली फांदी सोडली, म्हणून रान झाले. तुम्हीही घरासाठी, समाजासाठी आपली फांदी सोडा. ऐकायला गोड आहे, आणि असे दृष्टांत मी बसून ऐकलेलेही आहेत. पण हे खरे नाही. झाडाने काही सोडलेले नाही. फांदी माणसाने कापली, झाडाला कोणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी त्याला नाही म्हणता आले नसते. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतला तामस त्यागही मोहाने का होईना, करणारा स्वतःच करतो. दुसऱ्याच्या हातून दुसऱ्याच्या इच्छेने जे गेले, त्याला त्या तिन्हींत जागा नाही. त्याग हे क्रियेचे नाव आहे आणि क्रियेला कर्ता लागतो. कुंडीतल्या रानात कर्ता एकच, कात्रीवाला. तेव्हा तिथे त्याग शोधायचाच तर त्याच्यापाशी शोधावा. झाडांपाशी जे आहे ते फक्त घाव, आणि ते भरून काढण्याची त्यांची ताकद.

कोणी म्हणेल, झाडांच्या बाबतीत एवढा कीस कशाला? झाडांसाठी नाहीच. आपल्याकडे एक कागद असतो, हक्कसोडपत्र. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा, हे महाराष्ट्राने १९९४ साली आणि पुढे २००५ साली सबंध देशाने कायद्याने मान्य केले. तरी गावोगावी वडील गेल्यावर बहिणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन सही करतात आणि सात-बाऱ्यावर भावांचीच नावे राहतात. नंतर भाऊ चारचौघांत सांगतात, बहिणीने मोठ्या मनाने सोडले, आमचे घर एक राहिले. कधी कधी ते अक्षरशः खरे असते. तिला गरज नसते, भावाची ओढाताण तिने पाहिलेली असते, ती हसत सही करते. अशा बाईपुढे हात जोडावेत. पण पुष्कळदा तिला एवढेच ठाऊक असते, की सही केली नाही तर माहेरचा उंबरा संपला. मग ओळखायचे कसे? मला एकच कसोटी सापडते. ती नाही म्हणाली असती, तरी दिवाळीला तिला आणायला भाऊ आला असता का? आला असता, तर तिने सोडले तो त्याग. आला नसता, तर फांदी कापली गेली, आणि वर कापलेल्या फांदीचीच आरती ओवाळली गेली.

जमीन हे एक झाले. धाकट्याच्या शिक्षणासाठी शाळेतून काढलेली थोरली, आईबापांजवळ कोणी राहावे म्हणून ज्याची नोकरी सोडवली तो मुलगा, घरात शांतता राहावी म्हणून आयुष्यभर गप्प बसलेली सून. यांच्या तेराव्याला आपण म्हणतो, घरासाठी झिजली हो. म्हणताना आवाज भरून येतो. पण झिजवणारा हात कोणाचा होता हे त्या वाक्यात येत नाही. वाक्याची घडणच अशी आहे की तो हात झाकला जावा.

आता कुंडीकडे परत जाऊ, कारण लागवड ही या कलेची सुरुवात आहे. रान खरे घडते ते पुढच्या दहा-वीस वर्षांत, आणि त्या वर्षांतल्या कात्रीची रीत वेगळी आहे.

नुसते पाणी घालून रान तसेच सोडले तर काय होईल? कडेच्या झाडांना उजेड जास्त, ती झपाट्याने वाढतील, जाड होतील. शेंड्याकडे जोर जाईल, वरचा माथा दाट होईल. मग आत अंधार होईल, मधल्या बारीक झाडांच्या आतल्या डहाळ्या मरतील, आणि काही वर्षांनी ती झाडेही मरतील. खऱ्या जंगलात हेच होते. तिथे हजार रोपांतली थोडीच मोठी होतात, बाकीची सावलीत संपतात. रान सुंदर असते, दयाळू नसते. कुंडीत सात झाडे सातच राहायची असतील तर राखणाऱ्याला रानाच्या या नियमाच्या उलट जावे लागते. तो जोरदार फांदीचा कोंब लवकर खुडतो, अशक्त फांदीला हात लावत नाही. दाट माथा विरळ करतो, म्हणजे आत उजेड उतरेल. कडेचे झाड मुख्य झाडाच्या वर जाऊ लागले तर त्याला आवरतो. कुंडी अधूनमधून फिरवतो, म्हणजे मागच्यांनाही ऊन लागेल. मेपलसारख्या झाडांत जिथे जोर फार तिथली मोठी पाने काढून टाकतात. जिथे जोर नाही तिथे एकही पान काढत नाहीत, कारण त्या डहाळीला तेवढ्याच पानांवर जगायचे असते. या कलेत शिकणाऱ्याच्या हातात पहिल्यांदा हेच भिनवतात: जोर आहे तिथे काप, जोर नाही तिथे थांब.

हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. आपल्या घरांतली रीत आठवून पाहा. तिथे कात्री कुठे चालते? जो जोरात आहे, ज्याचा आवाज मोठा, ज्याच्या हाती पैसा, त्याच्या शेंड्याला हात लावायची कोणाची छाती नसते. सोडायला सांगितले जाते ते आधीच ज्याच्याकडे दोन पाने आहेत त्याला, कारण त्याचे कापले तर आरडाओरड होत नाही. आणि मग घर एक राहिले म्हणून समाधान. कुंडीत कोणी असे करू लागला तर दोन-तीन हंगामांत रानाचे रान उरणार नाही. कडेला दोन आडदांड झुडपे आणि मध्ये वाळक्या काड्या. माणसांच्या घराला हे दिसायला जास्त वर्षे लागतात, एवढाच फरक.

तरीही कुंडीला मी घराचा आदर्श म्हणून उभी करणार नाही. तिथेही एक गोष्ट आहे जी माणसाच्या बाबतीत सहन होण्याजोगी नाही. लहान झाड लहानच ठेवले जाते. मागच्या कोपऱ्यातले बारीक झाड उद्या जोमाने वाढू लागले, तर त्याला मुख्य होऊ देत नाहीत. रानाची खोली बिघडेल म्हणून त्याचाही शेंडा खुडतात. चित्र आधी ठरलेले असते आणि जागा कायमच्या असतात. माणसाचे मूल कोणत्या जागेसाठी आले आहे हे आईबापांनाही ठाऊक नसते. शिवाय दिंडीत चालणारा आपल्या पायांनी येतो, थकला तर झाडाखाली बसतो, कोणी त्याला तारेने बांधून ओळीत उभा केलेला नसतो. म्हणूनच त्याच्या चालण्याला मोल आहे.

एक शंका आपल्या वाचकांपैकी कोणी नक्की काढील. हे सगळे देणे-घेणे भेद मानला तर. मुळात सर्व एकच असेल तर कोणी कोणासाठी काय सोडले? शंका मोठी आहे. गंमत अशी, की बोन्सायमध्ये तिच्यासाठीही एक प्रकार आहे. वादळात पडलेले झाड कधी कधी मरत नाही. त्याचे खोड जमिनीवर आडवे होते, वरच्या बाजूच्या फांद्या सरळ वर वाढून एकेक खोड बनतात आणि आडव्या खोडाला खालून मुळे फुटतात. कुंडीत मुद्दाम झाड आडवे करूनही हे घडवतात. त्याला तराफा पद्धत म्हणतात. पाहणाऱ्याला रान दिसते, असते एकच झाड. योसे-उएमध्ये उलट. असतात पुष्कळ, पण वर्षे लोटली की मुळे एकमेकांत इतकी विणली जातात की खालून कुंडी उपसली तर सगळ्यांची मिळून एकच चटई निघते. माती बदलताना ती चटई अखंडच उचलतात आणि कडेने कापतात. मधले एखादे झाड वेगळे करायचे म्हटले तर आता ते शेजाऱ्यांची मुळे तोडल्यावाचून निघत नाही.

म्हणजे एक असणे दोन्हीकडे आहे. पण या दोन्ही कुंड्यांत, अगदी एकाच झाडाच्या तराफ्यातही, सावलीतले खोड सावलीतच सुकते. मूळ एक आहे म्हणून बाजूच्याला लागलेल्या उन्हाने याचे पान हिरवे होत नाही. एकत्व खरे मानणाऱ्याने या गोष्टीकडे अधिक बारकाईने पाहायला हवे, असे मला वाटते. ज्याला वेगळेपण वाटते तो दुसऱ्याच्या सुकण्याकडे दुर्लक्ष करील, हे समजण्यासारखे आहे. ‘सगळे एकच’ म्हणणाऱ्याने ते वाक्य दुर्लक्षाची सोय म्हणून वापरावे, हे मात्र समजत नाही.

बोन्साय ही मुळातच क्रूरता आहे असेही काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. कुंडीतले झाड उपाशी ठेवलेले नसते. उपाशी झाड पालवत नाही. नीट राखलेली झाडे पिढ्यानपिढ्या जगतात. पण सोटमूळ कापून ज्याला आपण उथळ पात्रात आणले, त्याला आता पाण्यासाठी खोल जाता येत नाही. उन्हाळ्यात एवढीशी माती एका दिवसात वाळते. रानाच्या कुंडीला तर एका झाडाच्या कुंडीहून जास्त तहान, कारण पिणारी तोंडे जास्त. ज्याने कापले त्याने रोज पाणी घालायचे, सुट्टी नाही. गावाला जायचे तर कोणाला तरी सांगून जायचे. आणि आपल्यानंतर कोण, हेही पाहून ठेवायचे. कापण्याचा हक्क घेतला तेव्हाच हे देणे अंगावर आले, आणि ते फिटत नाही. घरात ज्यांच्याकडून सोडवून घेतले त्यांचे असे देणे कोणी मोजतो का?

जगात सर्वाधिक ओळखले जाणारे कुंडीतले वन बहुधा जॉन नाका यांचे. नाका १९१४ साली अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात जन्मले. आठव्या वर्षी जपानला गेले, तिथे आजोबांकडून त्यांना या कलेची गोडी लागली, आणि तरुणपणी ते अमेरिकेला परतले. १९४८ साली त्यांनी जुनिपरची झाडे घडवायला घेतली. जपानातल्या एका देवस्थानाजवळचे उंच सुगी वृक्षांचे रान त्यांच्या मनात होते. पुढे ती झाडे एका कुंडीत आली. तेव्हा त्यांना सात नातवंडे होती आणि झाडेही सात. नातवंडे अकरा झाली तेव्हा झाडे अकरा झाली. त्या वनाचे नाव गोशिन, म्हणजे आत्म्याचा रक्षक. १९८४ साली त्यांनी ते देऊन टाकले, आणि आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे.

नातवंडामागे एक झाड, ही कल्पना ऐकायला सुखाची आहे. पण जरा विचार करा. ज्या झाडाला नातवाचे नाते दिले त्याची फांदी कापायला आजोबाचा हात कसा उठला असेल? कोणते झाड पुढे, कोणते मागे, कोणाला मुख्य करायचे? वाटेत काही झाडे दगावलीही, आणि त्यांच्या जागी दुसरी लावावी लागली. असे नाते जोडून ठेवल्यावर माणूस ‘एक झाड गेले’ असे सहज म्हणू शकत नसेल. मला वाटते, घरातल्या मोठ्यांनी कात्री हातात घेण्यापूर्वी नाकांसारखे करावे. उलट्या दिशेने, अर्थात. त्यांनी झाडांना नातवंडांची जागा दिली. आपण नातवंडांना झाडांइतके तरी निरखावे. कोणाला ऊन कमी पडते आहे, कोणाचा शेंडा माजला आहे, कोणाच्या अंगावर आता दोनच पाने उरली आहेत.

नाका २००४ साली गेले. गोशिनची छाटणी आता त्या उद्यानातले लोक करतात. ती नातवंडे त्यांची कोणी नाहीत. तरी रोज पाणी घालावे लागते, आणि कोणत्या झाडाचा शेंडा खुडायचा व कोणाला राहू द्यायचे हे प्रत्येक हंगामात नव्याने पाहावे लागते.

अशा जुन्या रानातले एखादे झाड मेले तर राखणाऱ्यापुढे दोनच वाटा असतात. वाळलेले खोड तसेच उभे ठेवायचे, रानात असतेच तसे. नाहीतर ते मातीलगत कापायचे. उपटता येत नाही. त्याची मुळे बाकीच्यांच्या मुळांत विणलेली असतात, आणि ती तिथेच राहतात.